चुकीच्या बसचा प्रवासी

यादीत अठरा नावं होती आणि बसमध्ये एकोणीस डोकी. सहलीच्या गाईडनं, भुवनेश्वरीनं, पुन्हा मोजलं. पुन्हा एकोणीस. जास्तीचं डोकं सात नंबरच्या सीटवर, खिडकीला टेकून, तोंड किंचित उघडं ठेवून गाढ झोपलं होतं.

"अहो... ऐकताय का? सिद्धेश्वर आलं."

डोकं दचकून उठलं. त्यानं डोळे चोळले, बाहेरचा तलाव बघितला, तलावातलं देऊळ बघितलं, मग हातात माईक घेऊन उभी असलेली ही मुलगी बघितली आणि घाबरून विचारलं, "हे मंगळवेढा न्हाय व्हय?"

अख्खी बस हसली.

"नाही," भुवनेश्वरी म्हणाली. "मंगळवेढा आमच्या यादीत नाही अजून. पुढच्या वर्षी घेऊ."

तर झालं होतं असं. एस.टी. स्टँडाबाहेर ही पांढरी मिनीबस उभी होती. 'एक दिवस सोलापूर: मंदिरं, किल्ला, राजवाडा' असा फलक गाडीच्या डाव्या अंगाला नीट दिसेल असा लावला होता, पण गृहस्थ गाडीच्या मागून, मोबाईलमध्ये डोकं घालून आला आणि थेट चढला. "मंगळवेढा ना?" असं त्यानं शेजारच्या गुरप्पाकाकांना विचारलंही. काका कानानं कमी; कुणी काही विचारलं की मान डोलवायची, हा त्यांचा आयुष्यभराचा शिरस्ता. त्यांनी डोलवली.

"मग मी उतरतो की," तो म्हणाला.

"उतराच. सगळेच उतरतायत. चपला गाडीतच ठेवा."

तो चपला काढून उतरला आणि गर्दीबरोबर देवळात गेला. आता निघेल, मग निघेल असं भुवनेश्वरीला वाटत राहिलं. तो निघाला नाही. भुईकोट किल्ल्याच्या बुरुजाखाली त्याला फोन आला तेव्हा ती दोन पावलांवर उभी होती. तो म्हणत होता, "आई, आज जमत न्हाय यायला. काम निघालंय... कसलं म्हणजे? इतिहासाचं!"

नाव अजिंक्य. गाव मंगळवेढ्याजवळ, सोलापुरात माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी. दुपारी अक्कलकोटच्या राजवाडा चौकात भुवनेश्वरी कमानीची, सज्जांची, राजेलोकांच्या स्वाऱ्यांची माहिती देत होती, तेव्हा ह्यानं वाकून चिमूटभर माती उचलली, बोटांत चोळली आणि म्हणाला, "हितं पूर्वी झाडं असणार."

"राजवाडा सोडून मातीच बघताय तुम्ही?"

"राजवाडा बघतोय की," तो म्हणाला. बघत मात्र तिच्याकडे होता. पकडला गेल्यावर त्यानं घाईघाईनं सज्जाकडे बोट दाखवलं, "तो... तो लई छान हाय."

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. ह्या खेपेला शुद्धीत, तिकीट काढून आणि खोलीतल्या जोडीदाराला बरोबर घेऊन. "ह्याला इतिहासाची लई आवड हाय," त्यानं सांगितलं. तो आवडवाला जोडीदार किल्ल्यापासून कुडल संगमापर्यंत क्रिकेटचा सामना बघत होता. तिसऱ्या रविवारी ऑफिसातले साहेब आले. चौथ्या रविवारी घरमालक सहकुटुंब. पाचव्या रविवारी कुणी मिळालं नसावं, कारण तो एका आजोबांना घेऊन आला आणि त्यांचं नाव विचारल्यावर दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले.

"खरं सांगा," भुवनेश्वरीनं त्याला गाठलं. कुडलच्या संगमेश्वर मंदिरामागे, भीमा आणि सीना एकमेकींत मिसळतात तिथं पायऱ्यांवर तो शेंगा फोडत बसला होता. "कोण हे आजोबा?"

"रिक्षा स्टँडवर भेटले. मोकळेच हुते."

तिला हसू आवरेना. "पाच वेळा तेच ते ऐकून कंटाळा येत नाही?"

"तेच कुठंय? गेल्या रविवारी तुम्ही शिलालेखापाशी दोनदा खोकलात. त्याच्या आदल्या वेळी किल्ल्याचा दरवाजा सांगताना केसात फूल हुतं... शेवंतीचं. आज न्हाय." त्यानं सोललेल्या शेंगदाण्यांची मूठ पुढं केली. "घ्या. घसा कोरडा पडला असंल."

शेंगदाण्यानं घसा ओला होतो, हे शास्त्र तिनं पहिल्यांदाच ऐकलं. तरी घेतले. त्याच्या बोटांना अजून मातीचा वास होता आणि हिवाळ्याचं ऊन पाण्यावरून उडून थेट डोळ्यांत येत होतं. आपण गालातल्या गालात हसतोय हे तिला जरा उशिरानं कळलं.

खोटं कशाला बोला, भुवनेश्वरी त्याच्यात गुंतली होती. शनिवारी रात्री ओढणी इस्त्री करताना आपण कुणासाठी करतोय, हे तिला पक्कं ठाऊक असायचं. सकाळी यादी हातात आली की बोट आधी सात नंबरवर जायचं. गाडी चालवणारे प्रभुअण्णा अक्कलकोटच्या पुढच्या गावचे, कानडी घरातले. ते तिला 'तंगी' म्हणजे धाकटी बहीण म्हणायचे आणि आरशातून सगळं बघायचे. एकदा म्हणालेच, "तंगी, तो मुलगा इतिहास शिकायला येतो म्हणतोय, पण वही नाही, पेन नाही. परीक्षा कशी देणार?"

सहाव्या रविवारी तो आईला घेऊन आला.

चांगुणाबाई म्हणजे ठसठशीत कुंकू, नऊवार लुगडं आणि काखेत कापडी पिशवी. पिशवी त्यांनी गाडीत ठेवली नाही, देवळातही सोडली नाही. अजिंक्य त्या दिवशी भलताच गप्प होता. नवा शर्ट, केसांना तेल, आणि भुवनेश्वरीनं बघितलं की नजर पायाशी.

सिद्धेश्वराच्या आवारात सगळे सम्मती कट्ट्यापाशी जमले. हा भुवनेश्वरीचा लाडका भाग. ती सांगायला लागली, "कुंभाराच्या मुलीनं सिद्धरामेश्वरांना म्हटलं, मला तुमच्याशीच लग्न करायचंय. ते योगी माणूस. ते म्हणाले, माझ्या योगदंडाशी कर. ते लग्न आजही दर संक्रांतीच्या सुमाराला ह्या कट्ट्यापाशी लागतं. उंच उंच नंदीध्वज वाजतगाजत येतात, लाखो लोक अक्षता टाकतात. पण त्याआधी काय होतं माहितीये? सम्मती वाचली जाते. देवाचं लग्न असलं तरी आधी सम्मती, मगच अक्षता!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. चांगुणाबाई कट्ट्याकडे बघतच नव्हत्या. त्या भुवनेश्वरीला बघत होत्या. वेणी किती लांब, उभी कशी राहते, पाय कसे टाकते.

किल्ल्यात त्यांनी विचारलं, "बाई, भाकरी येती का गं तुला?"

"येते की."

"ज्वारीची?"

"सोलापुरात दुसरी कुठली करतात मावशी?"

चांगुणाबाई खूष. कुडलला त्यांनी तिचा हात हातात घेऊन तळवा बघितला. "कामाचा हात हाय," म्हणाल्या. भुवनेश्वरीला वाटलं, म्हातारं माणूस, मायेनं विचारतंय. अजिंक्य मात्र दर वेळी मध्ये यायचा, "आई, ते बघ खांब... आई, नदी बघ की!" आईला नदीचं काही पडलेलं नव्हतं.

आणि मग दुपारी, अक्कलकोटच्या राजवाडा चौकात ते घडलं.

भुवनेश्वरी कमानीखाली उभी राहून बोलत होती. चांगुणाबाई सरळ पुढं आल्या. पिशवीतनं कुंकवाची डबी निघाली, खण निघाला, नारळ निघाला, पेढ्यांचा पुडा निघाला. काय चाललंय हे कळायच्या आत तिच्या कपाळाला कुंकू लागलं, हातात खण-नारळ आला आणि तोंडात पेढा गेला.

"लई दिस वाट बगितली," चांगुणाबाई सगळ्या चौकाला ऐकू जाईल अशा म्हणाल्या. "आज सकाळपास्नं बगतीया. पोरगी आमाला पसंत हाय!"

अठरा प्रवाशांनी टाळ्यांचा कडकडाट केला. चहाच्या गाड्यावरची माणसंही उठून उभी राहिली. कुणीतरी शिट्टी मारली. गुरप्पाकाका त्या दिवशी नातवंडांना घेऊन पुन्हा आले होते. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं, पण त्यांनीही मान डोलवली.

भुवनेश्वरीच्या तोंडातला पेढा विरघळेना. तिचा चेहरा लालबुंद झाला होता आणि लोकांना वाटलं, लाजली. तिनं नारळ आणि खण चांगुणाबाईंच्या ओंजळीत हळूच परत ठेवला. वाकून नमस्कारही केला. मग अजिंक्यला म्हणाली, "जरा इकडे या."

कमानीच्या पलीकडे, भिंतीच्या सावलीत दोघं उभे राहिले.

"तुम्ही मला दाखवायला आणलं होतंत? आईला?"

"तसं न्हाय... म्हणजे, मी आईला एवढंच म्हणलो की रविवारी चल, एक मुलगी हाय, तू बघ. मला वाटलं आधी आईला आवडली की मग तुम्हाला... इचारावं."

"आधी आईला आवडली की मग!" तिचा आवाज चढला. "अजिंक्य, घरी अकरा वेळा बघितलंय मला. अकरा! खाली मान घालून बसायचं, ट्रे धरायचा, सांगतील तेव्हा उठायचं. कुणाला उंची कमी वाटली, कुणाला बोलणं जास्त. माझ्या आईला सांगितलं शेवटी, आता पुरे. ही बस एकच जागा होती, जिथं मी दाखवते आणि लोक बघतात. दगड, खांब, राजवाडा. मला कुणी बघत नाही. आणि तुम्ही... सहा रविवार आलात, शेंगदाणे दिलेत, मला एका शब्दानं विचारलं नाहीत!"

"इचारलं असतं तर काय म्हणला असता?"

उत्तर तिला माहीत होतं, आणि रागाच्या भरात ते द्यायचं नव्हतं.

"आता कशाला सांगू," एवढंच म्हणाली आणि बसकडे चालायला लागली.

परतीच्या वाटेवर माईक बंद होता. गाडीत नुसत्या इंजिनाचा आवाज. दोन्ही बाजूंना ज्वारीची रानं, कणसं भरलेली, हुरड्यावर आलेली. अजिंक्य सात नंबरवर दगडासारखा बसला होता. प्रभुअण्णा आरशातून एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत पुटपुटले, "उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग."

भुवनेश्वरी पुढच्या सीटवर खिडकीबाहेर बघत होती. डोळे भरत होते आणि त्याचा तिला भयंकर राग येत होता. ह्या माणसाला पुन्हा बघायचं नाही, असं तिनं ठरवलं. आणि लगेच पुढच्या रविवारचा रिकामा सात नंबर डोळ्यांपुढं आला.

इतक्यात शेजारी कुणीतरी टेकलं. चांगुणाबाई.

"बाई, बोलू का?"

"बोला ना मावशी."

"मला बगायला आल्ते तवा मी चौदा वर्साची. सासऱ्यानं येणी सोडायला लावली. केस खरं हाईत का गंगावन लावलंय, त्ये बगायला. मग अंगणात चालीवलं. पाय धड हाय का म्हणून." त्या पदराशी चाळा करत होत्या. "मला नवरा पसंत हाय का, ह्ये कुणी इचारलंच न्हाय. आजतागायत न्हाय. अन् मी आज तुजी येणीच मोजत बसली की गं. सकाळी तू त्या कट्ट्यापाशी सम्मतीचं सांगत हुतीस, तवा बी मी येणीच बगत हुते. चुकलं बाई माजं."

भुवनेश्वरीनं त्यांचा हात धरला. कामाचा हात होता तोही.

"पसंत होते का? अजिंक्यचे वडील?"

चांगुणाबाई दचकल्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं होतं. मग तोंडाला पदर लावून, मुलीसारख्या हसत म्हणाल्या, "व्हय. पर मला इचारलं असतं, तर जरा आढेवेढे घेतले असते की!"

भुवनेश्वरीही हसली. डोळ्यातलं पाणी गालावर आलं, तरी हसत राहिली. आणि हसता हसता तिला काहीतरी सुचलं. तिनं माईक उचलला, त्यावर टिचकी मारली. सगळी बस सावरून बसली.

"प्रवाशांसाठी एक सूचना. पुढच्या रविवारी 'एक दिवस सोलापूर'ची सहल बंद राहील. गाईड बाहेरगावी जातेय. मंगळवेढ्याला एक मुलगा बघायचाय."

सात नंबरवरचं डोकं ताडकन वर आलं.

"मुलगा कसा आहे, अजून माहीत नाही," ती पुढं म्हणाली. "चुकीच्या बसमध्ये चढतो, एवढीच माहिती आहे. मुलाकडच्यांनी पोहे तयार ठेवावेत. पोहे मुलानं स्वतः करायचे. उत्तर बघितल्यावर. आधी टाळ्या वाजवू नयेत."

कुणी ऐकलंच नाही. टाळ्या वाजल्याच.

रविवारी भुवनेश्वरी आईला घेऊन मंगळवेढ्याला गेली. प्रभुअण्णाही आले, 'मुलीकडचे वडीलधारे' म्हणून, डोक्याला फेटा बांधून. तिघं रांगेत खुर्च्यांवर बसले. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. मग पडदा सरकला आणि अजिंक्य बाहेर आला: हातात ट्रे, नजर खाली, कानाच्या पाळ्या लाल. बशा किणकिणत होत्या.

"बस बाळा," प्रभुअण्णा गंभीर आवाजात म्हणाले. "नाव काय?"

"अजिंक्य."

"शिक्षण?"

"बी.एस्सी. ॲग्री."

"स्वयंपाक येतो का?"

त्यानं पोह्यांकडे बघितलं. पोह्यांनी खालून चांगलाच रंग धरला होता. "शिकतोय," तो म्हणाला.

भुवनेश्वरीच्या आईला मराठी येत होती, पण घरात बोलणं कानडीच. अजिंक्यनं आठवडाभर घोकलेलं एकमेव कानडी वाक्य त्यांना म्हणून दाखवलं, "ऊटा आतेन री?" म्हणजे, जेवण झालं का. पाहुणे नुकतेच आले होते, समोर पोहे होते, आणि हा जेवण झालं का विचारत होता. आई हसून हसून बेजार. भुवनेश्वरीला मात्र त्याचा तो घाबरलेला, मनापासूनचा उच्चार इतका गोड वाटला की तिनं पाण्याचा पेला तोंडाला लावून चेहरा लपवला.

"चाल की जरा!" एकदम चांगुणाबाईंनी मुलाला फर्मावलं. "दारापतूर जाऊन ये. पाय धड हाय का बगू दे त्यास्नी!"

तो निमूट उठला. दारापर्यंत गेला, वळला, परत आला. परत येताना उंबऱ्याजवळ ठेचकाळला. घर हसण्यानं दणाणलं आणि सगळ्यांत जोरात चांगुणाबाई हसत होत्या.

मग दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. खाली रान पसरलं होतं, कुठंतरी आगटी पेटवून हुरडा भाजत होते आणि त्याचा वास वाऱ्याबरोबर येत होता.

"घाबरलात?" तिनं विचारलं.

"लई. आणि हे एकदाच. तुम्ही अकरा वेळा... कसं काय केलं?"

घरी येऊन गेलेल्या अकरांपैकी कुणी तिला हे विचारलं नव्हतं.

तो कठड्याला धरून उभा राहिला. बोलायला गेला, थांबला, पुन्हा बोलायला गेला.

"भुवनेश्वरी, मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवशी तुम्ही म्हणलात ना, मंगळवेढा पुढच्या वर्षी घेऊ... तवाच वाटलं, ह्या बाईनं आपल्याला कुठं बी न्यावं. आईला सांगायच्या आधी तुम्हाला इचारायला पायजे हुतं. धीर झाला न्हाय. आता इचारतोय. माझ्याशी लग्न कराल का? न्हाय म्हणलात तर न्हाय. तिकीट काढून येणं तेवढं बंद करायला सांगू नका."

हो म्हणायला तिचे ओठ उघडले... आणि मिटले. समोर हा असा कासावीस उभा; आणि 'हो' हे उत्तर आपल्याजवळ, आपल्या मुठीत. ही मजा तिला आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होती. ती इतक्यात कशी सोडणार?

"घरी जाऊन कळवते," ती म्हणाली.

अजिंक्यचा चेहरा उतरला. 'कळवते' म्हणजे काय, हे महाराष्ट्रात लहान पोराला पण कळतं. तो निमूटपणे पाहुण्यांना एस.टी. स्टँडावर सोडायला आला, पिशव्या चढवल्या, प्रभुअण्णांचा फेटा खिडकीतून आत दिला. सोलापूरच्या गाडीचं इंजिन सुरू झालं. भुवनेश्वरी खिडकीत बसली होती. तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, मोबाईल काढून काहीतरी करत बसली.

अजिंक्यच्या खिशातला फोन वाजला.

"हॅलो?"

"हॅलो. मुलीकडून बोलतेय."

त्यानं मान वर केली. खिडकी तीन हातांवर होती. ती फोन कानाला लावून सरळ त्याच्याकडे बघत होती, डोळे पाण्यानं चमकत होते.

"कळवायला फोन केलाय," ती म्हणाली. "मुलगा पसंत आहे. मला. माझ्या सम्मतीनं."

गाडी हलली. अजिंक्य आधी दोन पावलं चालला, मग धावायला लागला, आणि मग कंडक्टरनं दार उघडून हात दिला.

"कुठं जायचंय?" कंडक्टरनं तिकिटाचं मशीन काढत विचारलं.

"ही गाडी जाईल तितं," अजिंक्य म्हणाला.